पारव्या भिंतीचा गारवा

देवळाच्या शिखरावर किंवा जुन्या जिनिंगच्या वळचणीला बसलेले पारवे तुम्ही रोज पाहता. त्यांच्या पाठीचा रंग धड निळा नसतो आणि धड राखीही नसतो. आपल्या भाषेत त्याला पारवा असेच नाव आहे आणि लुगड्यांच्या दुकानात ते आजही चालते. अलीकडे हा रंग लुगड्यावरून भिंतीवर चढला आहे. रंगाच्या दुकानातील शेडकार्डावर त्याला ढगांची, डोंगरांची, समुद्राची डौलदार नावे असतात. पण रंग तोच, आपला पारवा. गंमत अशी, की ज्या पक्ष्यावरून हे नाव पडले त्याच्या पिसांत निळे रंगद्रव्य मुळीच नसते. तेथे असते ते मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांना काळेपणा देणारेच द्रव्य. काळ्याचे बारीक कण फिकट पार्श्वभूमीत विखुरले की डोळ्याला निळसर राखी छटा दिसते. चुन्यात थोडी काजळी कालवून पाहा. येणारी राखी छटाही किंचित निळ्याकडे झुकलेली दिसेल.

या रंगाची आठवण होण्याचे कारण घरगुती आहे. मी राहतो तो भाग बुलढाणा जिल्ह्याच्या पयनघाटातला, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या बाजूचा उन्हाळा कोणाला सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ४२-४३ अंश सेल्सियस ही तेथे मोठी बातमी नसते. अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडावर घराला रंग द्यायचे ठरले. मुलीचे दहावीचे वर्ष, म्हणून तिच्या अभ्यासाच्या खोलीपासून सुरुवात केली. रंगारी वयाने आणि अनुभवाने मोठे. ते म्हणाले, "सर, पारवा मारा नं. खोली कशी थंडगार राह्यते." मी भौतिकशास्त्र शिकवतो. त्या क्षणी मी विचारायला हवे होते, "भाऊ, हे कशावरून?" पण शेडकार्डावरचा तो चौकोनी तुकडा मलाही आवडला होता. मी मान डोलावली. चारही भिंती आणि वरचा स्लॅब, सगळीकडे पारवा दोन हात मारून झाला.

खोली थंड झाली का? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, म्हणून जरा सावकाश पाहू.

थंड कोणाला, डोळ्याला की पाऱ्याला?

शेजारशेजारच्या दोन सारख्या खोल्या घ्या. एकीला पांढरा चुना लावलेला असावा, दुसरीला पारवा रंग. दोन्हींच्या मध्यभागी सारख्याच उंचीवर एकेक तापमापक टांगा आणि दुपारी दारे-खिडक्या लावून तासाभराने पाहा. दोन्ही खोल्यांचे छप्पर सारखे असेल आणि बाहेरच्या भिंतींवर पडणारे ऊन सारखे असेल, तर पाऱ्याच्या उंचीत सांगण्याजोगा फरक सापडणार नाही. मी हे आमच्या घरी करून पाहिले, आणि रंगाऱ्यांच्या आधी स्वतःवरच हसलो.

असे का व्हावे? बाहेर भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट इतकी ऊर्जा येत असते. खोलीच्या आत मात्र थेट ऊन नसते. अभ्यासाला पुरेल एवढ्या दिवसाच्या उजेडात दर चौरस मीटरमागे जेमतेम ३ वॅट ऊर्जा असते. म्हणजे आतल्या भिंतीने जो प्रकाश परत फेकायचा किंवा गिळायचा, तो मुळातच चिमूटभर. शिवाय एकदा खिडकीतून आत आलेला प्रकाश जातो कोठे? पारवी भिंत त्यातला बराचसा लगेच शोषते आणि त्याची उष्णता होते. पांढरी भिंत तो समोरच्या भिंतीकडे फेकते, ती कपाटाकडे, कपाट तुमच्या वहीकडे. अखेर तो कोठे ना कोठे शोषला जातो आणि उष्णता तेवढीच होते. थोडासा प्रकाश पांढऱ्या खोलीतून पुन्हा खिडकीवाटे बाहेर पडतो; त्या हिशेबाने पारवी खोली केसभर गरमच ठरेल.

मग भिंतीची म्हणून जी झळ आपल्याला लागते ती कसली? ती आहे भिंतीच्या स्वतःच्या प्रारणाची. कोणतीही वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे किरण बाहेर टाकत असते. ते किरण कोणत्या तरंगलांबीला सर्वांत जोरदार असतात हे काढण्यासाठी वीन याचा नियम वापरतात: २८९८ या संख्येला केल्विनमधील तापमानाने भागावे, उत्तर मायक्रोमीटरमध्ये मिळते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विन, म्हणून उत्तर ०.५ मायक्रोमीटर येते. हा झाला दिसणारा प्रकाश. भिंत ४० अंश सेल्सियस, म्हणजे ३१३ केल्विन. तिचे उत्तर येते ९.३ मायक्रोमीटर. हे अवरक्त किरण. डोळ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. आणि या किरणांच्या जगात आपले रंग नसतातच! पांढरा चुना, पारवा डिस्टेंपर, लाल गेरू, सारवलेली माती या सर्वांची त्या तरंगलांबीला उत्सर्जनक्षमता जवळजवळ सारखी, ०.९ च्या आसपास असते. आपल्या डोळ्यांना शुभ्र दिसणारा चुना अवरक्त किरणांच्या दृष्टीने जवळजवळ काळा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे छपरावर गेल्यावर ते आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता आकडे घालून पाहू. तुमच्या कातडीचे तापमान ३४ अंश धरा. स्टेफान आणि बोल्ट्झमन यांच्या नियमाने ती दर चौरस मीटरला सुमारे ५०४ वॅट बाहेर टाकते. समोरची भिंत ४० अंशांवर असेल तर ती सुमारे ५४४ वॅट तुमच्याकडे पाठवते. म्हणजे दर चौरस मीटरमागे ४० वॅटचा तोटा तुमच्या पदरी. तीच भिंत ३० अंशांवर असेल तर तिच्याकडून येतात ४७८ वॅट. आता उलट २६ वॅट तुमच्याकडून भिंतीकडे जातात आणि बरे वाटते. हवेचे तापमान दोन्ही वेळा एकच असले तरी एक खोली भट्टी वाटेल आणि दुसरी सुसह्य. या साऱ्या हिशेबात भिंतीचे तापमान आले, तिचा रंग कोठेच आला नाही.

वर घाटावर, बुलढाणा शहरात राहणारे माझे विद्यार्थी उन्हाळ्यात आम्हा पयनघाटवाल्यांना चिडवतात. त्यांचा गारवाही भिंतीच्या रंगातला नाही. राजूर घाट चढून गेले की आपण सुमारे ४०० मीटर वर जातो, आणि कोरडी हवा वर चढताना दर १०० मीटरला जवळजवळ १ अंशाने थंड होते. झाले ४ अंश. बाकी श्रेय त्यांनी घेऊ नये.

अंधार कोठून आला?

खोली थंड झाली नाही हे एक वेळ चालले असते. पण आठवड्याभरात मुलगी म्हणाली, "बाबा, दुपारी बारालासुद्धा दिवा लावावा लागतो." खोलीला उत्तरेकडे एकच खिडकी, आणि उन्हाळ्यात तीही अर्धी लावलेली. तरी आधीच्या वर्षी चुना होता तेव्हा दिवा लागत नव्हता. भिंतीचा रंग थोडा गडद केल्याने इतका अंधार कसा व्हावा? याचे उत्तर गणितात आहे, आणि ते मला फार आवडते.

खिडकीतून १०० भाग प्रकाश आत आला असे समजा. चांगला पांढरा चुना त्यातला ८० टक्के परत फेकतो. ते ८० भाग दुसऱ्या भिंतीवर पडतात. ती त्यातले ६४ भाग परत करते. मग ५१, मग ४१, अशी मालिका चालू राहते. खोलीत फिरणारा एकूण प्रकाश म्हणजे या साऱ्यांची बेरीज: १०० + ८० + ६४ + ५१ + ४१ + … ही भूमिती श्रेढी आहे, आणि तिची बेरीज येते ५००. पारवा रंग मात्र सुमारे ४० टक्केच प्रकाश परत करतो. त्याची श्रेढी अशी: १०० + ४० + १६ + ६ + … आणि बेरीज केवळ १६७. म्हणजे एका परावर्तनात भिंत निम्मा प्रकाश देते, पण सगळ्या परावर्तनांची बेरीज केली की खोलीतला उजेड एकतृतीयांशावर येतो! खऱ्या खोलीत फरशी, दारे, कपाटे, पुस्तके यांचे रंग वेगळे असतात, त्यामुळे फरक इतका टोकाचा नसतो. पण शेडकार्डावरचा तुकडा नेहमी फसवतो तो याच कारणाने. दुकानात तो तुकडा भरपूर उजेडात एकटा असतो. घरी सहाही बाजू एकमेकींचा प्रकाश गिळू लागतात आणि तोच रंग दोन छटा गडद दिसतो.

दिवा लावल्यावर आणखी एक प्रकार झाला. आमच्याकडे टेबलावर पिवळसर प्रकाशाचा जुन्या धर्तीचा दिवा होता. त्या प्रकाशात निळा भाग कमी असतो. भिंतीने परत फेकावा असा निळा रंगच तेथे नसेल तर ती तरी काय फेकणार? पारव्यातला निळेपणा नाहीसा झाला आणि उरला तो मळकट राखी. पांढऱ्या प्रकाशाचा, खोक्यावर ६५०० केल्विन छापलेला दिवा लावला तेव्हा निळेपणा परत आला.

याच ६५०० केल्विनवर जरा थांबू या. रंगाच्या धंद्यात निळा 'थंड' आणि लाल-पिवळा 'उष्ण'. पदार्थविज्ञानात मात्र नेमके उलटे आहे. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, आणि अधिक तापले की पांढऱ्याकडे झुकते. थंडीच्या रात्री मृग नक्षत्र पाहा. त्यातला तांबूस काक्षी तारा सुमारे ३५०० केल्विनचा, आणि निळसर पांढरा राजन्य सुमारे १२००० केल्विनचा. आकाशात निळा तारा हाच जास्त तापलेला असतो. तरीही आपले मन निळ्याला थंड म्हणते, कारण ताऱ्यांच्या आणि आपल्या ओळखीच्या कितीतरी आधी आपली ओळख निखाऱ्याशी आणि पाण्याशी झाली. विस्तव तांबडा, सावली निळसर, डोह निळा.

हे निव्वळ मनाचे खेळ आहेत का? डेन्मार्कमधील फँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली ते मोजून पाहिले. माणसांना एकदा गडद लाल आणि एकदा निळ्या प्रकाशात बसवून, कोणत्या तापमानाला बरे वाटते ते विचारले. लाल प्रकाशात लोकांना किंचित कमी तापमान हवेसे वाटले. फरक होता ०.४ अंशाचा. म्हणजे रंगाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मनाला गारवा वाटतो, पण तो अर्ध्या अंशाहूनही कमी. ४३ अंशांच्या दुपारी त्याने काय भागणार?

डोळ्याची आणखी एक खोडी प्रयोगाने पाहण्यासारखी आहे. राखी कागदाचे दोन सारखे तुकडे कापा. एक केशरी कागदावर ठेवा आणि दुसरा गडद निळ्या कागदावर. केशरीवरचा तुकडा निळसर दिसेल आणि निळ्यावरचा पिवळट. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ गालिचे विणण्याच्या सरकारी कारखान्यात रंगशाळेचे प्रमुख होते. विणकरांच्या तक्रारी येत, की अमुक रंगाचा धागा नीट रंगलेला नाही. शेव्रल यांनी तपासले तेव्हा धागा ठीक होता. त्याच्या शेजारचा धागा त्याला बिघडवत होता. १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या घरात याचा अर्थ असा, की सागवानी दाराच्या शेजारी पारवा अधिक निळा दिसतो, आणि निळ्या पडद्याशेजारी तोच बिचारा धुरकट होतो.

पुडीतली नीळ

दुसऱ्या महिन्यात मी त्या खोलीचा स्लॅब आणि तीन भिंती पुन्हा पांढऱ्या करून घेतल्या. टेबलासमोरची एकच भिंत पारवी ठेवली, कारण तिच्याकडे पाहायला मुलीला आवडत होते. या वेळी रंगारी घरीच चुना कालवत होते. त्यांनी त्यात निळीची पुडी सोडली तेव्हा मी विचारले, "पांढरे हवे आहे ना? मग निळे कशाला?" ते म्हणाले, "सर, निळीशिवाय पांढरं दिसत नसते." या वेळी त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते.

चुन्यात लोहाचे अंश असतात. त्यामुळे तो निळा प्रकाश थोडा कमी परत करतो आणि पिवळट दिसतो. नीळ नेमकी उलट वागते: ती पिवळा आणि नारिंगी प्रकाश, ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा, शोषते. दोघांच्या खोडी एकमेकींना छेदतात आणि सर्व रंग सारख्या प्रमाणात परत येऊ लागतात. भिंत अधिक पांढरी दिसते, पण परत येणारा एकूण प्रकाश मात्र थोडा घटलेला असतो. पांढरेपणा वाढला आणि प्रकाश कमी झाला! सरकारी बांधकामाच्या नियमांतही दर किलो चुन्यामागे ३ ग्रॅमपर्यंत नीळ घालण्याची तरतूद आहे. प्रमाण चुकून वाढले की भिंत आस्मानी होते, आणि तीत थोडी काजळी पडली की झाला पारवा. आपल्या खेड्यांतल्या किती तरी घरांच्या ओसऱ्या याच हिशेबाने निळसर झालेल्या आहेत.

ही नीळ आता झाडाची राहिलेली नाही, नाव तेवढे झाडाचे उरले आहे. पुडीतले द्रव्य म्हणजे अल्ट्रामरीन. सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंचा एक पिंजरा असतो आणि त्यात गंधकाच्या तीन अणूंचा ऋणभारित गट कोंडलेला असतो. निळा रंग येतो तो या कैद्यापासून. निसर्गात हेच द्रव्य लाजवर्द या दगडात सापडते, आणि त्याच्या प्रसिद्ध खाणी अफगाणिस्तानातल्या बदख्शान प्रांतात आहेत. बुलढाण्याच्या सरळ पश्चिमेला, आपल्याच डोंगररांगेत, सुमारे ५० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथल्या चित्रांतला निळा रंग या लाजवर्दाचा आहे. दीड हजार वर्षांपूर्वी बदख्शानहून तो दगड येथवर कसा आला असेल, याची कल्पना करून पाहा! १८२० च्या दशकात फ्रान्समधील गिमे यांनी ते द्रव्य कृत्रिम रीतीने बनवण्यात यश मिळवले, आणि सोन्याच्या मोलाची निळाई हळूहळू पुडीत आली.

चुन्यात कोणताही निळा रंग चालत नाही. चुना तीव्र अल्कधर्मी आहे. प्रशियन निळा हा सुरेख रंग त्यात टाकला तर तो नष्ट होऊन तपकिरी होतो. अल्ट्रामरीनचा पिंजरा अल्कधर्माला दाद देत नाही. आम्लापुढे मात्र मोडतो. हे घरी पाहता येते. बशीत चिमूटभर निळीची पूड घ्या. नीळ पुडीतलीच हवी. बाटलीतली पातळ नीळ निराळ्या जातीची असते. तीवर लिंबाचा रस पिळा आणि थांबा. निळा रंग हळूहळू फिका पडू लागेल आणि सडक्या अंड्यासारखा वास येईल. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास, म्हणजे पिंजऱ्यातला गंधक सुटल्याची खूण. हा वायू विषारी आहे, म्हणून प्रयोग चिमटीएवढाच आणि अंगणातच करा, मुद्दाम हुंगत बसू नका. दुसऱ्या बशीत नीळ आणि चुन्याची निवळी ठेवा. ती निळी राहील.

आता छपरावर जाऊ

आतल्या भिंतीचा रंग पाऱ्याला हलवत नाही. मग रंगाने घर थंड होतच नाही का? होते, पण तो रंग उन्हात असला पाहिजे. आणि आपल्या जिल्ह्यात सर्वांत जास्त ऊन पडते ते भिंतीवर नव्हे. बुलढाणा सुमारे साडेवीस उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य बरोबर आपल्या डोक्यावरून जातो आणि शून्य सावलीचा दिवस येतो. त्या वेळी दक्षिणेची भिंत जवळजवळ कोरडीच राहते, पूर्व-पश्चिम भिंती सकाळ-संध्याकाळ तापतात, आणि छप्पर मात्र दिवसभर ९०० वॅटचा मारा खाते.

त्या छपरावर गंजलेले टिन असेल तर त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे ७२० वॅट शोषले जातात. तेथे पारवा रंग मारला तर ५४० वॅट. चुना लावला तर फक्त १८०. पारव्याच्या एकतृतीयांश! आत जो आकडा केवळ उजेडाचा होता, तो बाहेर उष्णतेचा होतो. नव्या चकचकीत टिनाची कथा आणखी चमत्कारिक आहे. ते ऊन बरेच परत फेकते, पण जेवढे शोषते तेवढे अवरक्त किरणांनी बाहेर टाकणे त्याला जमत नाही. चकाकत्या धातूची उत्सर्जनक्षमता फारच कमी असते. म्हणून चकचकीत पत्राही हात भाजेल इतका तापतो. चुना येथे दुहेरी काम करतो. दिसणाऱ्या प्रकाशाला तो पांढरा असतो, म्हणून ऊन घेत नाही. अवरक्त किरणांना तो काळा असतो, म्हणून घेतलेली उष्णता आकाशाकडे झटपट फेकून देतो. मघाचे वाक्य आठवा. आमच्याकडची जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या छपराने हेच काम निराळ्या रीतीने करीत. टिन आले आणि ती सोय गेली.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याची मोहीम हाती घेतली. पांढऱ्या छपराने आतले तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरते, असा अनुभव सांगितला जातो. तेलंगण राज्याने २०२३ साली अशा थंड छपरांसाठी वेगळे धोरणच जाहीर केले. टिनाखाली भरणारे वर्ग, टिनाखाली राहणारी कुटुंबे आपल्या जिल्ह्यातही कमी नाहीत. एका छपराला लागणारा चुना फार मोठ्या किमतीचा नसतो.

चुन्याचे दोषही सांगितले पाहिजेत. धूळ बसली की त्याची शुभ्रता उतरते, आणि पावसाळ्यात तो धुपतो, म्हणून दर फाल्गुन-चैत्रात पुन्हा लावावा लागतो. आणि हिवाळ्यात, विशेषतः घाटावर, हवेहवेसे ऊनही तो परत पाठवतो.

छप्पर निळसर हवेच असेल तर? सूर्याच्या उर्जेतला जवळजवळ निम्मा भाग अवरक्त किरणांचा असतो. असा रंग करता आला, की जो दिसायला निळा पण अवरक्त भाग परत फेकणारा, तर हौस आणि गारवा दोन्ही साधतील. २००९ साली अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठात मास सुब्रमण्यन यांच्या प्रयोगशाळेत यट्रियम, इंडियम आणि मँगेनीज यांच्या ऑक्साइडांपासून अचानकच असा एक झगझगीत निळा तयार झाला. सुब्रमण्यन मूळचे चेन्नईचे. ते खरे तर विद्युत-चुंबकीय गुणांचे पदार्थ शोधत होते. इंडियम महाग असल्याने तो रंग आपल्या टिनावर येण्यास अवकाश आहे.

तोवर हा प्रयोग करा. सारख्या आकाराचे तीन रिकामे, झाकणाचे डबे घ्या. एकाला बाहेरून चुना लावा, दुसऱ्याला चुन्यात नीळ आणि काजळी कालवून पारवा रंग द्या, तिसरा तसाच चकचकीत राहू द्या. चुना कालवताना डोळे सांभाळा. कळीच्या चुन्यात पाणी पडले की तो उकळतो, म्हणून ते काम मोठ्यांना करू द्या. रंग दोन दिवस वाळला की तिन्ही डब्यांत सारखेच पाणी भरा आणि सकाळी अकराला उन्हात, लाकडी फळीवर ठेवा. दर पंधरा मिनिटांनी तिन्हींचे तापमान वहीत मांडा. दुपारी दोनला तिन्ही डबे सावलीच्या खोलीत आणा. आता ऊन संपले. येथून पुढे चुन्याचा आणि पारव्याचा डबा समान तापमानापासून सारख्याच वेगाने निवतो का, आणि चकचकीत डबा मागे का राहतो, ते आलेख काढून पाहा. पंखा आणि कूलर त्या वेळी बंद ठेवा, नाहीतर वाऱ्याच्या झोतात जो डबा पुढे असेल तोच पहिला येईल.